आचऱ्याच्या घरच्यांसाठी

दोन हजार सहा-सात सालची ही गोष्ट. मी तेव्हा आमच्या जिल्ह्यातल्या एका लहानशा रेडिओ केंद्रावर हंगामी निवेदिका होते. हंगामी म्हणजे महिन्यातून थोड्या ड्युट्या मिळायच्या, आणि पुढच्या महिन्यात मिळणार की नाही ते महिना सरेपर्यंत कळायचं नाही. मालवणहून एसटीनं जायचं, संध्याकाळचा फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम करायचा आणि शेवटच्या गाडीनं घरी यायचं. घरात माझ्या लग्नाची बोलणी चालू होती. माझं मात्र कशातच लक्ष लागत नव्हतं. नोकरी पक्की नाही, मुंबईला जावं तर धीर नाही, आणि घरी बसणं तर नकोच होतं.

रेडिओवर बोलणं बाहेरून वाटतं तितकं मजेचं नसतं. काचेच्या खोलीत एकटीनं बसायचं, समोरच्या भिंतीकडे बघून हसल्यासारखं बोलायचं. आपलं बोलणं कुठे पोचतं, कुणी ऐकतं का, काही पत्ता नसे. पोस्टकार्डं यायची, पण ती मागल्या आठवड्याबद्दल. चुकीचं काही बोलले असले तर तेही आठ-दहा दिवसांनी कळायचं. एकदा आमच्या साहेबांनी एक मोबाइल आणून टेबलावर ठेवला आणि सांगितलं की उद्यापासून फर्माइशी मेसेजवर घ्यायच्या. मी नंबर सांगितला, गाणं लावलं, आणि गाणं संपायच्या आत तो फोन टेबलावर थरथरत सरकायला लागला. कुडाळहून, आंबोलीच्या चहाच्या टपरीवरून, कणकवलीच्या हॉस्टेलमधून मेसेज येत होते. तोंडातून शब्द गेला की लगेच उत्तर, असं मला पहिल्यांदाच होत होतं. त्या दिवशी गाडीत बसल्यावरही मी एकेक मेसेज मनात पुन्हा वाचत होते.

पुढे तर मला त्याची सवयच लागली. ड्युटी नसेल त्या दिवशीही मी स्वतःचा फोन सारखा उघडून बघायची. घरी आई वैतागायची. फोन वाजला नाही तरी वाजल्यासारखा वाटायचा.

तेव्हाच्या साध्या फोनवर मराठी अक्षरं नव्हती. मंडळी इंग्रजी अक्षरांत मालवणी लिहायची, आणि ते चालू कार्यक्रमात वाचताना माझी तारांबळ उडायची. असाच एकदा एका नंबरावरून मेसेज आला. नाव नव्हतं. मी घाईघाईत वाचलं, 'आचार्यांच्या घरच्यांसाठी, कोणतंही गाणं.' गाणं लावलं. लगेच तिघा-चौघांनी मला दुरुस्त केलं. एकानं लिहिलं होतं, 'आचार्य न्हय गो, आचरा.' आचरा म्हणजे मालवणजवळचं गाव. मी माफी मागून पुन्हा सांगितलं की मघाचं गाणं आचऱ्याच्या घरच्यांसाठी होतं.

त्यानंतर त्याच नंबरावरून अधूनमधून तोच मेसेज यायला लागला. कधी आठवड्यानं, कधी पंधरवड्यानं. इतरांना ठरावीक गाणं हवं असायचं, स्वतःचं नाव, वर्गातल्या सगळ्या मैत्रिणींची नावं रेडिओवर यायला हवी असायची. याला नाव नको होतं आणि गाणं कुठलंही चालत होतं.

एक दिवस मी केंद्रावर पोचले तर फाटकाशी एक बाई उभी होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. मासे विकून आलेली दिसत होती, रिकामी पाटी शेजारी ठेवलेली. पहारेकरी तिला आत सोडत नव्हता. मी पहारेकऱ्याशी बोलले तशी मला आवाजावरून ओळखून ती पुढे आली आणि म्हणाली, "बाय, तां आचऱ्याचा गाणा माज्यासाठी लागता."

मी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. तिचा नवरा गोव्यातल्या एका बंदरात ट्रॉलरवर कामाला होता. वडिलांच्या मागे घरची होडी त्याच्या मोठ्या भावानं त्याला न विचारता विकली, त्यावरून दोघांचं भांडण झालं, आणि 'ह्या घरात मी परत पाय ठेवचंय नाय' म्हणून हा निघून गेला. त्याला वर्ष उलटून गेलं होतं. गोवा काय लांब नव्हे, सकाळच्या गाडीनं निघाला तर दुपारी जेवायला घरी येईल. पण तो आला नव्हता. मागची चवथ, म्हणजे गणपतीचा सण, त्याच्याशिवाय झाली. गाणं लागलं की तिला समजायचं की तो बंदरात आलाय आणि धड आहे. घरात सासू आणि दीर-जाऊ असायची, रेडिओ मधल्या खोलीत, त्यामुळे सगळे ऐकायचे आणि कुणीच काही बोलायचं नाही.

मी विचारलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याला फोन का करत नाहीस?

"फोनार बोलूक गेलंय की भांडाण जाता," ती म्हणाली. "दोगांचाय."

तिला उलट निरोप पाठवायचा होता. केंद्राच्या फोनवरून मेसेज पाठवायची आम्हांला परवानगी नव्हती, म्हणून मी माझा फोन काढला आणि म्हटलं, सांग. ती बराच वेळ पदराशी चाळा करत बसली. शेवटी तिनं सांगितलं की सासूचा खोकला बरा आहे आणि मागल्या दाराची कौलं बदलली. तेवढंच. मी ते लिहून पाठवलं. जाताना तिनं खाऱ्या बांगड्यांची पुडी माझ्या हातात कोंबली.

त्यानंतर ती मला मालवणच्या स्टँडवर गाठायची. बाजार उरकून ती आचऱ्याच्या गाडीसाठी यायची आणि मी माझ्या गाडीसाठी. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात ती सांगायची आणि मी लिहायची. नारळ उतरवले. रेशनकार्डावर नाव राहिलं आहे. शेजारच्या मुलीचं लग्न ठरलं. त्याचं उत्तर यायचं, 'बरा.' कधी 'बरा आसा.' मी तिला ते दाखवायची, ती अक्षरांकडे बघून मान हलवायची. ती त्याला कधी 'ये' म्हणाली नाही, आणि तो कधी 'येतो' म्हणाला नाही. मला मात्र आतल्या आत तगमग व्हायची. मेसेज लिहिताना दोन शब्द आपणच घालावेत असं कितीदा मनात यायचं. घातले नाहीत. एकदा न राहवून मी तिला म्हटलंच, की एवढं सगळं सांगतेस तर त्याला घरी बोलाव ना. ती गाडीचा बोर्ड वाचत असल्यासारखी दुसरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माका तां सांगूक येणा नाय."

त्याच सुमारास कुडाळच्या एका दुकानदारानं आमच्या कार्यक्रमाला प्रायोजक म्हणून पैसे दिले. मिक्सर, पंखे, कुकर असलं सगळं विकणारं दुकान होतं. त्यानं एक स्पर्धा काढली. माझ्या प्रत्येक ड्युटीला मी रेडिओवरून एक प्रश्न विचारायचा आणि लोकांनी उत्तर दुकानाच्या नंबरावर मेसेजनं पाठवायचं. बक्षीस कुकर. उत्तरांचा पाऊस पडला. दुकानदाराला कुकरपेक्षा जास्त मोलाचं काहीतरी हाती लागलं होतं, ते म्हणजे माणसांचे नंबर. गोव्याच्या बंदरात रेडिओ खरखरत का होईना लागायचा, आणि आचऱ्याचा तो माणूसही कुकरसाठी उत्तर पाठवून बसला होता. हे मला फार नंतर कळलं.

चवथ जवळ आली तसा दुकानदारानं मला बोलावून घेतलं. त्यानं लोकांना जाहिरातीचे मेसेज पाठवले होते, पण 'आमचे येथे सर्व प्रकारची विद्युत उपकरणे योग्य दरात मिळतील' असलं वाचून कोण येणार? कुणी फिरकलं नव्हतं. त्याला मालवणीतला मेसेज हवा होता, वाचणाऱ्याला घरच्यानंच लिहिलाय असा वाटणारा. मुंबई, पुणे, गोवा इथून चवथीला घरी येणारी माणसं येतानाच खरेदी करून येतील, असा त्याचा हिशेब होता. मी दुकानातल्या स्टुलावर बसून लिहायला घेतलं. डोळ्यांसमोर माझ्या ती स्टँडवर उभी असलेली बाईच येत होती. ती जे कधी म्हणाली नाही ते माझ्या हातून एका दमात उतरलं:

'चवथ इली. घर सारवन झाला. माटवी बांधूक हात कमी पडतत. रुसवो सोड, घराक ये. सगळी वाट बघतत.'

आणि त्याला जोडून पुढे, 'येताना मिक्सर, कुकर, पंखो आमच्याच दुकानातसून घेऊन ये. चवथीची खास सवलत.' खाली दुकानाचं नाव.

दुकानदार खूश झाला. त्यानं ते दोनदा मोठ्यानं वाचलं आणि मला चहा पाजला. मी बाहेर पडले तेव्हा मलाही आपण काहीतरी छान लिहिलं असं वाटत होतं. गाडीत बसल्यावर मात्र उगाचच चुकचुकल्यासारखं झालं. का ते कळेना.

पुढे जे झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, पण सरळ क्रमानं सांगते. माझा मजकूर एका मेसेजमध्ये मावत नव्हता. दुकानदारानं खास यासाठी नवं कार्ड घेतलं होतं, त्यावर रोजचे ठरावीक मेसेज फुकट मिळायचे. त्याच्या सेल्समननं शक्कल लढवली. अर्धा मजकूर आज पाठवायचा, उरलेला परवा. फुकटात काम होईल आणि लोकांची उत्सुकताही वाढेल. पाठवून झालं की फोन बंद करून ठेवायचा, म्हणजे कुणी उलट फोन करून डोकं खायला नको. मला हे कुणी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही.

चवथ तोंडावर आली असताना ती बाई स्टँडवर माझी वाट बघत उभी असलेली दिसली. बाजाराचा दिवस नव्हता, पाटी नव्हती. मी जवळ जाताच तिनं माझा दंड धरला.

"तू त्येका काय धाडलंस?"

काल दुपारी तिचा नवरा घरी आला होता. खांद्याला बॅग. ऐन हंगामात ट्रॉलर सोडून आला म्हणून ट्रॉलरच्या म्होरक्यानं, तांडेलानं, त्याला परत येऊ नको असं सांगितलं होतं. सासू रडली, दीर मागल्या दारी निघून गेला. आणि हा तिला म्हणाला, "तू बोलवलंस म्हणान इलंय." तिनं तर बोलावलं नव्हतं. मग माझ्यावाचून कोण लिहिणार?

मी शपथेवर सांगितलं की मी काही पाठवलेलं नाही. मग तिनं, त्यानं फोन उघडून वाचून दाखवलेले शब्द आठवून आठवून सांगायला सुरुवात केली. माटवी बांधूक हात कमी पडतत, म्हणाली. पुढचे शब्द मीच पूर्ण केले.

तिथेच बाकावर बसवून मी तिला सगळं सांगितलं. दुकान, स्पर्धा, मालवणीतली जाहिरात. ती ऐकत राहिली. चिडेल असं वाटलं होतं. तिनं मला तो मजकूर पहिल्यापासून पुन्हा म्हणायला लावला. मी म्हटला. मग तिनं हळूच विचारलं, "म्हणजे ह्या दुकानाचा?"

"दुकानाचं," मी म्हटलं. "लिहिलं मी."

ती म्हणाली, त्याला हे कळलं तर तो आल्या पावली परत जाईल. दुकानाच्या जाहिरातीवर भुलून आलो म्हणून भाऊ हसेल, आणि ते त्याला सहन व्हायचं नाही. मग एकदम माझ्याकडे वळली. "आणि तू म्हणतंस तां पुढचा, मिक्सराचा, तां पण येतला काय त्येका?"

मी फोन कानाला लावत उठले. दुकानाचा फोन कुणी उचलला नाही. माझी ड्युटी होती, पण मी वेगळीच गाडी धरली आणि कुडाळला उतरले. तो सगळा रस्ता मी सीटच्या कडेवर बसून काढला. प्रत्येक थांब्यावर माणसं नारळाच्या, केळ्यांच्या ओझ्यांसकट चढत होती, कंडक्टर सगळ्यांशी दोन शब्द बोलत होता, आणि मला वाटत होतं की उतरून पळत सुटावं. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानदार मला बघून हसत पुढे आला, म्हणाला, बघा, तुमच्या मेसेजची करामत. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की एक नंबर यादीतून काढायचा आहे, आत्ताच्या आत्ता. त्यानं सेल्समनला हाक मारली. सेल्समन गिऱ्हाइकाला मिक्सर चालवून दाखवत होता. त्या घरघरीतच तो ओरडून म्हणाला की दुसरा मेसेज कालच गेला. सगळ्यांना.

त्या दिवशी मी कार्यक्रमाला उशिरा पोचले. साहेब बोलले, ते मी ऐकून घेतलं. कार्यक्रमात काय वाचलं आणि कुठली गाणी लावली ते मला आज आठवत नाही. टेबलावरचा फोन थरथरला की दर वेळी वाटायचं, त्याचाच मेसेज असणार, गोव्याहून. तसा काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी आचऱ्याला गेले. घरी आईला सांगितलं की मैत्रिणीकडे जातेय. रस्ताभर मी मनात वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते. त्याला खरं सांगावं, की तो मेसेज मीच तिच्या वतीनं पाठवला असं खोटं सांगावं? खोटं सांगितलं तर मिक्सराचं काय सांगणार?

घर सापडलं. शेणानं सारवलेलं अंगण अजून ओलं होतं. आत मधल्या खोलीत दोघे पुरुष उभे होते. गणपतीच्या जागेवर छताला जी लाकडी चौकट टांगतात आणि मग तिला फळं, पानं, रानातली फुलं बांधतात, ती माटवी वर चढवायचं काम चाललं होतं. एक टोक धाकट्यानं धरलं होतं, दुसरं मोठ्यानं. दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. मोठा 'वर' किंवा 'वायच इकडे' एवढंच म्हणायचा आणि तेही चौकटीला सांगितल्यासारखं. ती बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला बघून तिनं आत ये असंही म्हटलं नाही, इतकी ती घाबरलेली होती.

चौकट बसली. मोठा भाऊ फळं आणायला बाहेर गेला. मग धाकट्यानं माझ्याकडे बघितलं. उन्हानं रापलेला, शांत चेहऱ्याचा माणूस. बायकोनं त्याला मी कोण ते सांगितलं. तो हसला, म्हणाला की आवाज ओळखीचा आहे, चेहरा बघितला नव्हता एवढंच. मला बसायला पाट दिला. मी बसले नाही. मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "बाय, तो दुकानाचो मेसेज तूच लिवलंस मा?"

मी मान हलवली.

त्यानं सांगितलं ते असं. पहिला मेसेज आला तेव्हा ट्रॉलर बंदरात होता. अनोळखी नंबर, पण शब्द घरचे. बायकोनं आता दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं असेल असं त्याला वाटलं. उलट फोन केला तर बंद. त्याला रात्रभर चैन पडलं नाही. दुसरा दिवस त्यानं जाऊ की नको यातच काढला, आणि त्याच्या पुढल्या सकाळी तांडेलाशी वाद घालून निघाला. गाडी कुडाळच्या स्टँडवर थांबलेली असताना फोन वाजला. येताना मिक्सर, कुकर, पंखो. खाली दुकानाचं नाव. तेच नाव तो माझ्या कार्यक्रमात ऐकत आला होता, त्यावरून लिहिणारी कोण ते त्यानं ओळखलं. तो गाडीतून उतरला. पलीकडे गोव्याला जाणारी गाडी लागलेली होती. तो बॅग मांडीवर घेऊन बसून राहिला. ती गाडी गेली. नंतर आणखी एक गेली.

"आणि मगे आचऱ्याची लागली," तो म्हणाला, "तेत बसलंय."

म्हणजे त्याला घरात शिरण्याआधीच ठाऊक होतं. 'तू बोलवलंस म्हणान इलंय' हे तो सगळं ठाऊक असून म्हणाला होता. मी तिच्याकडे बघितलं. ती पुढे आली, त्याच्या हातातली दोरी घेतली आणि माटवीच्या कोपऱ्याला गाठ मारायला लागली. गाठ बसत नव्हती. त्यानं विचारलं, "मगे, तू बोलवतलंस काय नाय?"

"बोलवतंय," ती म्हणाली. त्याच्याकडे न बघता, पण म्हणाली.

मोठा भाऊ सुपाऱ्यांचा घड आणि रानातली कवंडळं घेऊन आत आला तशी ती दोघं कामाला लागली. मला त्यांनी जेवायला थांबवलं, पण मला थांबवेना. चहा घेऊन मी निघाले.

त्याची नोकरी गेली होती ती गेलीच. दसऱ्यापर्यंत तो गावातल्या एका होडीवर जात राहिला. त्यावर दोन माणसांचंही भागेना तेव्हा परत गोव्याला, दुसऱ्या ट्रॉलरवर लागला. पण आता महिन्याकाठी घरी यायचा. भावाशी बोलणं सुरू झालं असं काही मी ऐकलं नाही. होडी तर परत येणार नव्हतीच. तिला त्यानं एक फोन घेऊन दिला, आणि मला स्टँडवर गाठायचं तिला कारण उरलं नाही. कधी बाजारात दिसली की लांबूनच हात करायची. फोनवर आता भांडता का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली की भांडतो, पण फोन ठेवत नाही.

दुकानदाराची चवथ जोरात झाली. दिवाळीला त्यानं पुन्हा बोलावलं. म्हणाला, तसंच काळजाला लागेल असं काहीतरी लिहा. मी त्याच स्टुलावर बसले. आई वाट बघते, मुलगा परदेशात आहे, बहीण ओवाळायला थांबली आहे, असं काय काय सुचत होतं, भराभर सुचत होतं, आणि प्रत्येक ओळीला मला वाटे की ही कुणाच्या फोनवर जाऊन पडेल, तो कुठल्या स्टँडवर बसला असेल. मी उठून रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या. परत आले आणि कुकरवर किती सवलत आहे तेवढं सरळ लिहून दिलं, दुकानाचं नाव सुरुवातीलाच घालून. त्यानं कागद उलटसुलट करून बघितला. पुढच्या सणाला त्यानं दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घेतलं.

मी दोन हजार दहापर्यंत केंद्रावर होते. नोकरी शेवटपर्यंत हंगामीच राहिली. तोवर मेसेजचं नवल संपलं होतं. एकेका कार्यक्रमाला इतके यायचे की निम्मे वाचूनही होत नसत. कुणी 'घरच्यांसाठी' असं लिहिलं की मी थबकायची. कोण असेल, कुठून लिहीत असेल, घरचे ऐकत असतील का, हे विचारायला मन धाव घ्यायचं. पण चालू कार्यक्रमात विचारायची सोय नसते. मी ते वाचायची आणि गाणं लावायची. तोवर टेबलावर फोन पुन्हा सरकलेला असायचा.